चूक काढायचा रविवार

प्रिय पिटुकले,

फोन तू उचलत नाहीस, मेसेजला नुसता अंगठा दाखवतेस, म्हणून शेवटी कागद-पेन घेऊन बसलोय. हाताने लिहायची सवय गेली आहे. अक्षर पाहून हसलीस तरी चालेल, हसलीस तर बरंच होईल. इकडे सगळं ठीक, म्हणजे आम्ही दोघं खाऊन-पिऊन आहोत. मी दुकानात चष्म्याच्या काचा घासतो. हल्ली गिऱ्हाईक दारातूनच विचारतं, तासाभरात मिळेल का? मी म्हणतो, डोळे आयुष्यभर वापरायचेत, चष्म्याला एक दिवस तरी द्या. आई बालवाडीत जाते, पोरांना लाल-पिवळा शिकवते आणि घरी आली की चपला काढायच्या आधी विचारते, तिचा फोन आला होता का? मी नाही म्हणतो. मग संध्याकाळभर घरात फक्त भांड्यांचा आवाज असतो.

आमचं रविवारचं टोळकं अजून जमतं. एका घरात दोन बालवाड्या, एक आईची आणि एक बाबांची, असं तू आणि दादा म्हणायचात ना, ती बाबांची बालवाडी अजून भरते. घड्याळवाल्याच्या दुकानामागची तीच खोली, तेच गोंद आणि रंगाचे वास, त्याच वीतभर खेळण्यातल्या गाड्या बनवणं, तेच चौघं. घड्याळवाल्याने नव्या गाडीला स्टिअरिंग म्हणून एका बंद पडलेल्या लेडीज घड्याळाचं चक्र लावलंय आणि ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत बसतो. दातांची डॉक्टरीण झिजलेल्या ड्रिलच्या सुया घेऊन येते. बोनेटच्या जाळीला भोकं पाडायला त्यांच्यासारखं दुसरं काही नाही. तिचे पेशंट विचारतात म्हणे, बाई, तुमच्या नखात लाल रंग कसला? आणि बंपर, म्हणजे ज्याने जन्मभर बस चालवली आणि एकदाही कुणाला घासली नाही, तो आता टेबलाचा कोपरा दिसत नाही म्हणून दर रविवारी मांडीवर काळानिळा डाग घेऊन जातो. माझ्याकडून सगळ्यांना चष्म्याच्या काचेचे तुकडे लागतात, पुढच्या काचेसाठी. एवढ्याशा गाडीला खऱ्या नंबरची काच! आमची गाडी रस्त्यावर आली तर तिला चाळिशी लागलेली असेल, असं बंपर म्हणतो.

यंदा आम्ही एक नवं खूळ काढलं. प्रत्येकाने आपल्या दारात कधी काळी उभी राहिलेली गाडी करायची, पण एका ठरावीक दिवसाची. जशी त्या दिवशी होती तशीच, चरा असेल तर चरा, चिखल असेल तर चिखल. डॉक्टरीणबाईने तिच्या वडिलांची गाडी केली, ते तिला वसतिगृहात सोडायला गेले त्या दिवशीची. मागच्या सीटवर पाण्याची बाटली सांडल्याचा ओला डागसुद्धा होता. घड्याळवाल्याने शेजाऱ्याची गाडी केली, जिच्यातून बायकोला बाळंतपणासाठी नेलं होतं. खिडकीच्या काचेवर तिच्या तळव्याचा ठसा काढलाय पठ्ठ्याने. गाडी करताना गप्पा निघतात, गप्पांत माणसं निघतात, आणि मग कुणीतरी उगाच नाक शिंकरतं. गाडी पुरी झाली की ती हातोहात फिरते आणि बाकीच्यांनी तिच्यात चूक काढायची. चूक काढणाऱ्याला खोलीतली एकुलती एक गादीची खुर्ची. बंपरला ती आजवर कधीच मिळालेली नाही.

दादाबद्दल आपण बोलत नाही. या घरात तर त्याचं नावच निघत नाही. आई त्याला ‘तो’ म्हणते, तेही दात आवळून. तू इथून गेल्यावर तिने त्याचे शर्ट, बूट, सगळं वाटून टाकलं. त्याचा एकही फोटो भिंतीवर लावू दिला नाही. मी एकदा लावला, तर तो कपाटाच्या मागे सापडला. तिचं एकच म्हणणं, गाडी हळू चालव म्हणून घसा कोरडा केला, ऐकलं नाही. स्वतः गेला तो गेला, माझ्या पोरीला पण घेऊन चालला होता. त्या दिवसापासून ती त्याच्यासाठी रडलेली नाही, पिटुकले. मी पाहिलंय. पोटच्या पोराच्या अंत्यविधीला ती अशी उभी होती, जशी दुसऱ्याच्या घरच्या कामाला आली आहे. राग हा माणसाला धरून ठेवतो हे खरं, पण आतून पोखरतोसुद्धा. बालवाडीतल्या एका पोराला हळू पळ म्हणून तिने परवा चापट मारली. तुझी आई, जिने तुम्हाला दोघांना कधी बोट लावलं नाही.

माझी पाळी आली तेव्हा मी आपलीच गाडी घेतली. त्या दिवसाची, पण सकाळची. तुम्ही दोघं निघालात आणि मी फाटकाशी उभा होतो. दादा स्टिअरिंगमागे बसला होता, तू शेजारी पाय वर घेऊन संत्रं सोलत होतीस. तेवढीच गाडी मला हवी होती, धुतलेली आणि अख्खी. तपशिलासाठी माझ्याकडे विमा कंपनीच्या माणसाने नंतर काढलेले फोटो होते. मोडलेल्या भागावर कागद चिकटवून मी फक्त शाबूत भाग पाहायचो: वेगाच्या काट्याची तबकडी, दाराचं हँडल, सीटच्या कव्हराची उसवलेली शिवण. पण सीट कुठे ठेवायची यासाठी फोटो कशाला पाहू? आपला दादा म्हणजे नुसता बांबू. गुडघे स्टिअरिंगला लागायचे म्हणून सीट पार मागे, शेवटच्या खाचेला. मागे बसणाऱ्याच्या पायांचं भरीत व्हायचं आणि तू वर्षानुवर्षं त्यावरून भांडलीस. मी डोळे मिटून ती सीट मागे चिकटवली.

रविवारी गाडी फिरली. बंपरने चाकं पाहिली, घड्याळवाल्याने भिंग लावून तबकड्या पाहिल्या, कुणाला काही मिळेना. मग डॉक्टरीणबाईने फोटो मागितले आणि शेजारी ठेवून पाहू लागली. आणि एकदम टाळी वाजवून म्हणाली, सापडली! सीट चुकली! फोटोत तर पार पुढे आहे, स्टिअरिंगला टेकलेली! बंपर हसायला लागला. म्हणाला, अरे, जन्मभर लोकांना चष्मे लावलेस आणि स्वतःच्या घरची सीट दिसली नाही तुला? मीही हसलो. खरंच हसलो. फोटो हातात घेतला. सीट सगळ्यात पुढच्या खाचेत होती. तिच्यावर दादा बसूच शकला नसता. त्याचे पाय कापून ठेवावे लागले असते. डॉक्टरीणबाई गादीच्या खुर्चीकडे निघाली होती, ती मध्येच उभी राहिली. तिच्याकडे पाहवत नव्हतं. तिची काय चूक? ती खेळ खेळत होती.

बंपर माझ्या मदतीला धावला. अपघाताच्या धक्क्याने सीट पुढे सरकते, म्हणाला. नाहीतर गाडी ओढून नेणाऱ्यांनी सरकवली असेल, ते कशालाही हात लावतात. बुडत्याला काडीचा आधार, तसा मी तो आधार धरून काही दिवस काढले. मग राहवेना, म्हणून भंगाराच्या आवारात गेलो. गाडी अजून तिथेच आहे, दोन दुसऱ्या गाड्यांच्या खाली, गवतात. भंगारवाला भला माणूस. मी सीटबद्दल विचारलं तर म्हणाला, शेजारची काढून विकली हो, पण ही चालकाची काही निघेना. खाली पत्रा वाकलाय, रूळ त्याच्यात दाबले गेलेत, धक्का लागला तेव्हा होती तिथेच ती अडकली आहे, आम्ही पहार लावून पाहिली. मी वाकून हात घातला. रुळाचे दाते सरळ होते, खाच शाबूत होती. सीट सरकली नव्हती. कुणीतरी आपल्या पायांच्या मापाने ती पुढे घेऊन बसलं होतं.

म्हणजे बघ, माझी चूक नव्हतीच. सकाळची सीट मागेच होती, मी स्वतः पाहिली होती. फाटक आणि अपघात झाला त्या वळणाच्या मध्ये कुठेतरी तुम्ही जागा बदलल्या. तो तुला मैदानावर चोरून शिकवत होता हे मला माहीत होतं. लायसन्स येईपर्यंत मोठ्या रस्त्यावर जायचं नाही, हे मीच बजावलं होतं. तू हट्ट धरला असशील, आणि तुला नाही म्हणणं त्याला कधी जमलं होतं? लोकांनी तुम्हाला दोघांना बाहेर काढून रस्त्याच्या कडेला ठेवलं, पोलीस आले तेव्हा गाडी रिकामी होती. तू म्हणालीस दादा चालवत होता, आणि सगळ्यांनी ते मानलं. का नाही मानायचं? कदाचित त्यानेच तुला तसं सांगायला लावलं असेल. तो तसा होताच. पण हे तुलाच ठाऊक, मी अंदाज बांधणार नाही.

खोटं कशाला लिहू, आधी मला तुझा रागच आला. भंगाराच्या आवारातून घरी येईपर्यंत मी मनात तुला जे जे बोललो ते कुठल्याही बापाने मुलीला बोलू नये. माझ्या मेलेल्या पोराला त्याच्याच घरात शिव्या पडत होत्या आणि तू गप्प होतीस! मग आठवलं, आईचा प्रत्येक फोन फिरून फिरून तिथेच यायचा. जेवलीस का, झोपलीस का, आणि मग बघ त्याने तुझं काय करून ठेवलं. तू पलीकडून नुसतं ‘हं’ म्हणायचीस. पुढे तू फोन घेणंच सोडलंस आणि आम्हाला वाटलं, पोरगी शहरात रमली, म्हाताऱ्यांचा कंटाळा आला. आता कळतंय, तुला आईचं प्रेम ऐकवत नव्हतं. एवढं ओझं घेऊन तू एकटी त्या भाड्याच्या खोलीत कशी राहतेस ग? जेवतेस तरी का? रागाच्या मागून हे आलं, आणि हे आल्यापासून राग पुरता गेलाय असंही नाही. दोन्ही एका वेळी आहेत. मला जमेल तसं मी दोन्ही घेऊन बसतो.

मी आणखी काही दिवस गप्प राहिलो असतो. पण काल आई माझ्या टेबलाशी आली. ती कधी येत नाही. तिने ती छोटी गाडी उचलली, खिडकीतून आत पाहिलं आणि बोटाच्या टोकाने त्या सीटला टोचत म्हणाली, इथेच बसून त्याने माझं घर मोडलं. आणि गाडी ठेवून भाजी चिरायला गेली. माझ्या ओठांवर आलं होतं सगळं. मी चिमटा उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. मी सांगितलं असतं, तर तुला पकडून तिच्यासमोर उभं केल्यासारखं झालं असतं. आणि तू आयुष्यभर पकडली गेलेली राहिली असतीस.

म्हणून हे पत्र लिहितोय. मी आईला सांगणार नाही, हा माझा शब्द. ते तू येऊन सांग. कागदावर झालेली नोंद, पोलीस, त्याचं जे व्हायचं ते होईल, तिथे मी तुझ्याबरोबर येईन आणि तुझ्या शेजारी बसेन. आई काय करेल हे मला माहीत नाही. कदाचित आजवर त्याला बोलली ते सगळं तुला बोलेल. कदाचित बरेच दिवस तुझ्याकडे बघणारही नाही. सोपं जाईल असं सांगून मी तुला बोलावणार नाही. पण तू समोर असशील, पिटुकले. जिवंत माणसावर रागावलं की कधीतरी ते माणूस उठून पाणी आणून देतं, रागाला उतरायला जागा मिळते. मेलेल्यावरचा राग कुठे उतरायचा? मला तुझ्याकडून माफी नको आहे आणि तुला द्यायला माझ्याकडे अजून ती पुरती तयारही नाही. मला एवढंच हवंय की तुझ्या आईला तिचा मुलगा परत मिळावा. लवकर ये. तिला तिच्या पोरासाठी अजून एकदाही रडता आलेलं नाही.

वाट पाहणारा, तुझाच,
बाबा