मी हसले ती फ्रेंच रेकॉर्ड

अहो,

आपल्याला पत्रांची सवय कधीच नव्हती. लग्न ठरल्यावर तुम्ही मला एकच पत्र पाठवलंत, आणि त्यातही नागपूरच्या उन्हाबद्दलच लिहिलंत! मग आज मी का लिहायला बसले? कारण काल दुपारी इथं आपल्या ट्रॉय गावातल्या लायब्ररीत तुमचा कार्यक्रम झाला. तुम्ही ठरवलेला, तुमच्या फ्रेंच रॉकच्या रेकॉर्ड्सचा. तो कसा झाला हे तुम्हाला माझ्याआधी दुसऱ्या कुणी सांगितलेलं मला चालणार नाही.

आधी कबुली देऊन टाकते. मी तुमचा क्रम मोडला.

तुमच्या वर्षश्राद्धाला केतकी आणि जावई सिअ‍ॅटलहून येणार होते, म्हणून बेसमेंट आवरायला घेतलं. तुमच्या रेकॉर्ड्सच्या फळीपाशी आले आणि बघते तर सगळा गोंधळ. एकाच बँडच्या दोन रेकॉर्ड्स दोन टोकांना! मंगळवारी आणि गुरुवारी लायब्ररीत पुस्तकं जागेवर लावणारी बाई मी, माझे हात शिवशिवले. दोन तासांत साठ-सत्तर रेकॉर्ड्स ए टू झेड लावून टाकल्या. वर फडकंही मारलं. इतकं समाधान वाटलं म्हणून सांगू!

तिसऱ्या दिवशी प्लेअरच्या खालच्या खणात तुमची वही सापडली. पहिल्याच पानावर तुमचं ते बारीक अक्षर: 'लायब्ररीचा कार्यक्रम. क्रम फळीवर लावला आहे, डावीकडून अकरा. हलवू नये.'

हलवू नये! कुणाला सांगत होतात? घरात माणसं दोन. तोंडानं सांगता येत नव्हतं?

पुढं अकरा टिपा होत्या आणि एकाही टिपेत रेकॉर्डचं नाव नव्हतं. नाव कशाला लागतंय, फळीवर क्रम आहेच की! एका टिपेत होतं, 'आधीच्यापेक्षा बरंच हळू. लोक कंटाळतील. कंटाळू द्यावं.' दुसरीत, 'अकॉर्डियन ऐकून सगळे सैलावतील, तेवढ्यात पुढचं लावायचं.' आणि सगळ्यात पहिली टीप: 'इथे शालिनी हसली होती. इथूनच सुरुवात.'

मी जिन्याच्या पायरीवर बसले. अहो, कुठं हसले होते मी? मी तर सगळीकडेच हसले होते!

तुम्ही फ्रान्समध्ये लिऑनला कंपनीच्या कामाला आठ महिने होतात. परत आलात तेव्हा मला वाटलं, अत्तर आणाल, एखादा स्कार्फ आणाल. तुम्ही आणलीत जुन्या बाजारातली एक पेटी भरून रेकॉर्ड्स. तुमचं काम काय, तर गाडीच्या ब्रेकचा आवाज बंद करायचा. दिवसभर आवाज बंद करणारा माणूस घरी येऊन हा गोंगाट लावून बसतो, याचं मला हसू यायचं. वॉशिंग मशीन बेसमेंटमध्येच, त्यामुळे तुमचं बरंचसं संगीत मी ड्रायरच्या घरघरीतूनच ऐकलं. कपडे उचलून वर जाताना काहीतरी टोमणा मारायचा, हे तर ठरलेलंच.

आणि मी एकटी नव्हते. दिवाळीच्या फराळाला पाठक भाऊजी आले होते ते आठवतं ना? तुम्ही मोठ्या हौसेनं त्यांना एक रेकॉर्ड ऐकवलीत. त्यांनी चकलीचा तुकडा मोडत सांगितलं, "वहिनी, फ्रेंचांनी पाव करावेत, अत्तरं करावीत. गिटारला हात लावू नये!"

तुम्ही म्हणालात, "आणि मराठी पोरांनी?"

"त्यांनी तर मुळीच नाही!"

"बघ. भावगीत लागलं की तू डोळे मिटणार. तेच आपल्या भाषेत कुणी गिटार घेऊन ओरडलं की म्हणणार, शोभत नाही. फ्रेंचांचंही तेच झालंय. त्यांचं हळुवार गाणं जगाला आवडतं, त्यांच्या पॉपला स्टाइल म्हणतात. रॉक लावला की ऐकायच्या आधीच हसतात."

"ऐकून हसलो की रे आत्ता!"

सगळे हसले. मी सगळ्यात मोठ्यानं. तुम्ही चहा ओतायला उठलात. तेव्हा मला वाटलं, तुम्हीही गमतीतच घेतलंत. घेतलं होतं का हो?

इतक्या वर्षांनी एक गोष्ट कळली. मी कधी तुमच्याशी या गाण्यांवरून भांडलेच नाही. भांडायला आधी ऐकावं लागतं. हसायला काही लागत नाही.

पण एक तक्रार माझीही आहे. मी तीन आठवडे लिऑनला आले होते, तेव्हा खालच्या पावाच्या दुकानात रेडिओवर एक बाई गायची. हलकं, सोपं, पायानं ठेका धरावा असं. मी स्वयंपाक करताना ते गुणगुणायला लागले, तर तुम्ही म्हणालात, "हा नुसता साखरेचा पाक आहे." बाहेरचं जग तुमच्या रॉकला जसं झटकत होतं, तसंच तुम्ही माझ्या पॉपला झटकलंत. मी गुणगुणणं थांबवलं. तुमच्या लक्षातही आलं नाही.

तर मूळ गोष्टीकडे येते. तुमची वही सापडल्यावर चारच दिवसांनी लायब्ररीतल्या डेनिसबाई मला म्हणाल्या, "तुमच्या मिस्टरांचा कार्यक्रम आजारपणात राहून गेला, तुम्ही कराल का?" मी विचार करायच्या आत हो म्हणून बसले.

केतकीला फोनवर सांगितलं तर ती घाबरलीच. "आई, आर यू शुअर? तू तर ते कधी ऐकायची नाहीस! बाबांचं म्युझिक तू एक्स्प्लेन करणार? लोक हसतील गं."

"हसू देत. मीही हसले होते."

"मग नावं बघ आणि कुठलीही अकरा लाव. कोणाला कळणारे?"

मला कळलं असतं ना. तुम्ही अकरा रेकॉर्ड्स एकामागून एक अशा रचल्या होत्या की हसणारा माणूस आधी गप्प होईल आणि शेवटपर्यंत बसेल. वकील खटला मांडतो तसा तुम्ही तो मांडला होता, आणि मी त्याची पानं उलटीपालटी करून टाकली. आता कुठलीही अकरा लावली असती तर तुमच्या संगीतावर पुन्हा एकदा लोक हसले असते, आणि या वेळी दोष माझा असता.

म्हणून मी ऐकायला बसले. अख्खा हिवाळा. बाहेर बर्फ, खाली घर तापवणारी फर्नेस, आणि तिच्या शेजारी मी. ड्रायर बंद ठेवून! रोज सकाळी दोन रेकॉर्ड्स. वही मांडीवर, आणि प्रत्येक गाण्याला विचारायचं, बाबा रे, तू कुठल्या टिपेतला?

वाचलंही. तुम्हाला माहितीय, बारावीनंतर माझं शिक्षण सुटलं, इंग्रजी पुस्तक वाचायला मी इथंच शिकले. अजूनही ओळीखाली बोट लागतं. लायब्ररीत फ्रेंच गाण्यांवर जे मिळालं ते वाचून काढलं. सुरुवातीला त्यांच्याकडचा रॉक म्हणजे बराचसा अमेरिकन गाण्यांना फ्रेंच शब्द लावलेला, म्हणून जग त्याला नक्कल म्हणालं. त्यांच्याकडे आधीपासून शब्दांचा मान मोठा, कवीसारखा गाणारा माणूस पुढं आणि वाद्यं मागं. मग एका पिढीनं वाद्यं पुढं आणली, लांबलचक, विचित्र, हट्टी गाणी केली. त्यानंतर चिडलेली पोरं आली, त्यांनी आजोबांचं अकॉर्डियनच गिटारच्या शेजारी उभं केलं. आणि तरी 'फ्रेंच रॉक' म्हटलं की पुस्तक लिहिणारेसुद्धा आधी एक विनोद करतात, मग पुढं लिहितात. प्रत्येक पुस्तकात! पॉपबद्दल लिहिताना असा विनोद कुणी करत नाही. नक्कल तर पॉपवाल्यांनीही केली होती की. तुम्ही चिडायचात ते मला तेव्हा कळलं.

हळूहळू टिपा जुळायला लागल्या. 'कंटाळू द्यावं' हे गाणं तर लगेच ओळखलं, मीच कंटाळले. अकॉर्डियनवालं सापडलं. फेब्रुवारी संपेपर्यंत नऊ पक्क्या झाल्या. एक अंदाजानं धरली. राहिली पहिली.

आठवून आठवून एवढंच आठवलं: बर्फामुळे तुम्ही घरी होतात, मी कपड्यांची टोपली घेऊन खाली आले, आणि गाणारा माणूस दारात पाय सापडल्यासारखा ओरडला. मी टोपली खाली ठेवून हसले. तुम्ही सुई उचललीत आणि बर्फ काढायला बाहेर गेलात. पण तसं ओरडणारे तुमच्याकडे तिघं आहेत! तिघांनाही पुन्हा पुन्हा ऐकलं. हसू कशालाच येईना. एकटी बसून पोथी ऐकावी तसं ऐकत होते, हसू येणार कुठून? शेवटी देवाचं नाव घेऊन एक निवडली.

काल चौदा माणसं आली. पाठक भाऊजी आणि वहिनी पहिल्या रांगेत. केतकी विमानानं येऊन मागं उभी होती, नखं खात. मी इंग्रजीत चारच वाक्यं बोलले. ही माझ्या नवऱ्याची आवड. मी तिच्यावर खूप हसले. त्यांनी क्रम लावला होता, तो माझ्याकडून मोडला, मी परत जुळवलाय. चूक असेल तर माझी.

सुई ठेवली. गाणं सुरू झालं. आणि तो माणूस ओरडला.

अहो, मी हसले! आपोआप, तोंडावर हात ठेवायच्या आत, चौदा माणसांसमोर. त्याच जागी, तसंच. इतके महिने न आलेलं हसू तिथं येऊन उभं राहिलं. मग सगळेच हसले. पाठक भाऊजींनी तर मांडीवर थाप मारली. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, कारण मला कळलं, हीच ती. बरोबर लावलीय.

या वेळी सुई कुणी उचलली नाही. ओरडून झाल्यावर वाद्यं थांबतात आणि तो माणूस तीच ओळ अगदी हळू म्हणतो, जसं काही ओरडल्याची त्यालाच लाज वाटली. त्या दिवशी आपण दोघांनी तिथवर जाऊच दिलं नव्हतं त्याला. हसणारे एकेक करून गप्प झाले. तुम्ही हेच योजलं होतंत, नाही का? आधी हसून घेऊ द्यायचं.

सहाव्याला दोघं उठून गेले. जाऊ देत. जन्मभर कार प्लँटमध्ये काम केलेले एक आजोबा म्हणाले, सोमवारी सकाळी आमची लाइन सुरू व्हायची तेव्हा असाच आवाज यायचा. कौतुकानं म्हणाले हो! पाठक भाऊजी निघताना मफलर गुंडाळत म्हणाले, "वहिनी, मत बदललेलं नाही बरं का माझं."

"बदलू नका. पण शेवटपर्यंत बसलात."

"खुर्ची चांगली होती," म्हणाले, आणि दारातून परत आले. "त्या चौथ्यातला ढोल वाजवणारा कोण, ते जरा कागदावर लिहून द्या."

केतकीनं मला गाडीत घट्ट धरलं. "आई, यू वेअर सो गुड. बाबांना सांगायला हवं." म्हणून हे पत्र.

आता खरं सांगू? अकरापैकी मला चारच आवडल्या. नववी तर तुम्ही उगाच घातलीत, तिच्यात काही नाही. आणि पॉपबद्दल तुम्ही चुकलातच. माणसाला भाजी चिरताना गुणगुणावंसं वाटतं, ही लहान गोष्ट आहे का? हे मी तेव्हाच बोलायला हवं होतं. तुम्ही चिडला असतात, दोन दिवस जेवताना वाद झाला असता. किती छान झालं असतं!

तो वाद मी आता सुरू करणार आहे. शब्द देते. दर रविवारी सकाळी एक बाजू तुमच्या रॉकची, एक माझ्या पॉपची, दोन्ही शेवटपर्यंत ऐकायच्या आणि मग भांडायचं. तुम्हाला उत्तर देता येत नाही याचा फायदा मी घेणार नाही. तुमची बाजूही मीच मांडेन, आणि अशी मांडेन की मला हरणं भाग पडेल.

तुमची,
शालिनी