पेडल

११ सप्टें., गुरु.
नीलिमा आज पुन्हा ऑटोनं गेली. बबीन्याला तिच्या मावसबहिणीकडे श्राद्धाचं जेवण होतं. मी म्हटलं, सोडतो. "नको, तुम्हाला दुकान आहे," म्हणाली. दुकानाचं निमित्त. श्रावणातला तो दिवस झाल्यापासून ती माझ्या गाडीत बसलेली नाही.

बबीना रोड. स्कूटरवर एक बाई, मागे शाळेच्या गणवेशातली पोर. मी ब्रेक दाबला, म्हणजे दाबला असं मला वाटलं, आणि गाडी चालतच राहिली. थांबली तेव्हा बंपर स्कूटरच्या मडगार्डला टेकला होता. बाई ओरडली नाही, नुसती बघत राहिली. नीलिमा दार उघडून उतरली आणि टेम्पोनं घरी आली. तेव्हापासून एक शब्द नाही त्यावर. तिनं भांडण केलं असतं तर बरं झालं असतं.

मी सगळ्यांना सांगितलं, ब्रेक. खरंच आहे ते. वीस वर्षांची गाडी, टर्बो इंजिन अजून सैतानासारखं पळतं, पण थांबवायला तेच जुने ब्रेक. सगळे बदलायचे. मोठ्या डिस्क, त्यांना आवळणारे मोठे कॅलिपर, सगळं. मग तिला बसवायचं शेजारी. तेवढंच हवंय मला.

१४ सप्टें., रवि.
सामान आलं. दिल्लीत याच कंपनीची मोठी गाडी भंगारात निघाली होती, तिचे पुढचे ब्रेक. डिस्क बघून शकीलभाई खूश. लक्ष्मी गेटजवळचा आमचा नेहमीचा मिस्त्री. "भाईसाहब, थाली है थाली! इसमें तो दो जने खाना खा लें."

पण चाकं लहान पडतात, नव्या कॅलिपरवर बसत नाहीत. आता मोठी चाकं शोधा.

नी. म्हणाली, पितृपक्षात नवीन काही करू नये, नवरात्र लागू दे. मी म्हटलं, आपले पितर घोडदळातले, लगाम ढिला असला की काय होतं ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत असणार. हसली थोडी. बऱ्याच दिवसांनी.

१९ सप्टें., शुक्र.
बसवले. चाकंही मिळाली. आणि पेडल स्पंज! दाबा, दाबा, खाली जातंय. शकीलभाईंनी दिवसभर ब्रेकच्या तेलातली हवा काढली. ते खाली निपल उघडतात, मी वर पेडल मारतो. "मारिए... रोकिए... मारिए." बाटलीत बुडबुडे येतात, थांबतात, पेडल तसंच. "हवा है कहीं, भाईसाहब. छुपी बैठी है."

जीव नकोसा झाला. एवढं सगळं करून गाडी आधीपेक्षा वाईट.

दुकानात संध्याकाळी एक म्हातारे. मुलगा चष्म्याचा नंबर काढायला घेऊन आलेला. बाबांनी तक्त्यावरची अक्षरं घडाघडा म्हटली. मी तक्ता उलटा टांगला, तरी त्याच क्रमानं तीच अक्षरं. मानिक चौकात इतकी वर्षं चष्मे विकतोय, असे पुष्कळ पाहिलेत. पाठ करून येतात बिचारे. मुलासमोर काही बोललो नाही, नंबर मात्र बरोबर काढून दिला.

२३ सप्टें., मंगळ.
सापडलं. डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला होता! त्यामुळे हवा काढायचं निपल खालच्या बाजूला आलं. हवा वर जाणार, निपल खाली, कशी निघेल? शकीलभाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "तीस साल हो गए, और ये लौंडों वाली गलती." अदलाबदल केली. एकदाच हवा काढली, बास.

ते स्वतः एक फेरी मारून आले. "अब संभल के दबाइएगा. नाक शीशे में लगेगी."

मग मी बसलो. तसंच. अगदी तसंच. कापूस दाबतोय. कळतच नाही कुठे धरतंय. मी त्यांच्यावर ओरडलो, रस्त्यावर, लोकांदेखत. नको ते बोललो. ते चिडले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. "एक बार चप्पल पहन के चला के देखिए," एवढंच.

चप्पल घालून ही गाडी आजवर चालवलेली नाही. वडिलांचा, आप्पांचा नियम. ज्या वस्तूची पूजा करतो तिच्यावर चप्पल घेऊन चढायचं नाही. स्कूटर होती तेव्हापासून. आप्पा स्कूटरपण अनवाणी चालवायचे, अख्खी गल्ली हसायची.

२६ सप्टें., शुक्र.
ब्रेकचे पाइप बदलले, नवे जाळीचे घातले. मोकळ्या रस्त्यावर नेऊन बघितलं. पहिल्यांदा दाबला तर गाडी अशी थांबली की छाती पट्ट्यावर आपटली. दुसऱ्यांदा फार हलका पडला, गाडी पुढे गेली. तिसऱ्यांदा पाय पेडलवर आहे की शेजारी, ते खाली वाकून बघावं लागलं.

शकीलभाई म्हणतात, गाडीत काही दोष नाही. मी म्हणतो, आहे. मी घरी आलो आणि जेवलो नाही. नी.नं विचारलं, "अहो, झाले का ब्रेक?" मी म्हटलं, "होताहेत."

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी.
सकाळी पूजा. पाटावर पणजोबांची तलवार, माझी कात्री, दुकानातलं भिंगांचं खोकं, गाडीची किल्ली. मग अंगणात गाडीला हार, चाकांना कुंकू. मी आत-बाहेर करत होतो, गाडी धुतलेली, फरशी ओली. नी. म्हणाली, "अहो, कुंकवाचे पाय उठवताय सगळीकडे, पाय पुसा ना." खरंच, पांढऱ्या फरशीवर लाल पावलं, गाडीच्या दारापासून देवघरापर्यंत. एकाच पायाची. उजव्या.

ती फडकं घेऊन पुसायला बसली. मग फडक्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे.

तळव्यात ब्रेकच्या जुन्या पॅडची पत्र्याची क्लिप घुसली होती. गाडीतच पडलेली असणार, पायपोसावर रक्त वाळलेलं. वाळलेलं, म्हणजे कालपासून. काल मी ती क्लिप पायात घेऊन दुकानात गेलो, जिना चढलो, झोपलो.

"दुखलं नाही?" मी म्हटलं, "दुखलं ना, पण घाईत..." खोटं. नी.नं चिमट्यानं ती ओढून काढली. मी दुसरीकडे बघत होतो, तिनं कधी काढली ते मला कळलं नाही.

३ ऑक्टो., शुक्र.
ती भाजी आणायला गेल्यावर खुर्चीत बसलो. डोळे मिटले. पेन्सिलीनं तळव्याला टोचलं. मग कंगवा. मग बर्फ. डाव्याला थोडं कळतं. उजव्याला घोट्याखाली काही नाही. मोजा घातल्यासारखं वाटायचं गेलं वर्षभर, मला वाटायचं थंडी. जूनमध्ये कसली थंडी?

साखर माझी बारा वर्षांची जुनी. गोळी घेतो, विसरतो, श्रीखंड खातो.

म्हणजे ब्रेक कधीच खराब नव्हते. ती पोर. तिच्या पाठीवरचं दप्तर अजून दिसतं. देवा, काय करून बसलो असतो मी.

शकीलभाईंकडे जाऊन माफी मागायला हवी. पाय उचलत नाही तिकडे.

७ ऑक्टो., मंगळ.
नी. धरून घेऊन गेली डॉक्टरीणबाईंकडे. जखम बघितली, औषध दिलं. मग म्हणाल्या, "आँखें बंद कीजिए. मैं धागा छुआऊँगी, जब लगे तो हाँ बोलिए."

त्यांची खुर्ची जुनी. पुढे वाकल्या की कुरकुरते. कुरकुरली की मी हां म्हटलं. दोनदा मुद्दाम गप्प बसलो, खरं वाटावं म्हणून.

"थोड़ा कम है, पर उम्र के हिसाब से ठीक है. शुगर संभालिए." नी.नं विचारलं, "गाड़ी चला सकते हैं?" "घाव भर जाए, फिर क्यों नहीं."

बाहेर येऊन नी.चा चेहरा असा उजळला. मी त्याच वेळी सांगायला हवं होतं. सायकलरिक्षावाला भाव करत होता, ती त्याच्याशी हसून बोलत होती, आणि मी रिक्षात चढून बसलो. तो म्हातारा निदान मुलाला फसवत होता. मी कोणाला फसवतोय?

८ ऑक्टो., बुध.
जेवताना नी. म्हणाली, "मीपण उगाच ताणलं. ब्रेक नवीन केलेत तुम्ही एवढे, माझ्यासाठीच ना. कळतं मला." मग, "रविवारी ओरछ्याला जाऊया. आपल्या गाडीनं. मी पुढेच बसणार."

हेच हवं होतं. महिनाभर मी ह्याच वाक्यासाठी रक्त आटवलं. पोटात दुखतंय म्हणून उठलो.

चालवली नाही तर मी कोण? दुकान आणि घर, घर आणि दुकान. ती गाडी रस्त्यावर सोडली की मी पुन्हा पंचविशीचा होतो. हे कोणाला सांगणार. सांगितलं की किल्ली गेली, कायमची. आणि नी.च्या डोळ्यांत मी आजारी माणूस.

नाही सांगितलं तर...

११ ऑक्टो., शनि.
जखम भरली. नी.नं दशम्या केल्या, लसणाची चटणी डब्यात भरली, ठेवणीतली चंदेरी काढली.

दुपारी गाडी पुसतो म्हणून अंगणात गेलो. इंजिन सुरू केलं, गुडघ्यावर बसलो आणि डोकं आत घालून पेडल हातानं दाबलं. तळहातानं.

किती सुंदर आहे. बोटभर खाली जातं आणि घट्ट धरतं. थोडं दाबलं तर थोडं, जास्त दाबलं तर जास्त, एकेक केसाएवढं कळतं. शकीलभाईंनी जीव ओतलाय. इतके चांगले ब्रेक ह्या गाडीला कधीच नव्हते. मी तिथेच, सीटवर कपाळ टेकून रडलो. इंजिनाच्या आवाजात ऐकू गेलं नसावं.

नी. दारात आली. "झाली का पुसून? आणि सकाळी सातलाच निघू हं, ऊन व्हायच्या आत."

मी हो म्हणालो.