गाडीत ओटा आहे, बाबा

बाबा, मी घर असलेली गाडी घेतली. सेकंडहँड आहे, पण आत ओटा आहे, दोन पलंग आहेत आणि मागे कडी लावता येईल असा संडास आहे. हा शेवटचा शब्द तुमच्यासमोर मी कधी इतक्या तोऱ्यात उच्चारला नव्हता, पण या सगळ्या खरेदीचं मूळ तोच आहे. आई आता ऐंशीची झाली. प्रवासाच्या दिवशी ती सकाळपासून पाणी पीत नसे, आठवतं? रस्त्यात बाईमाणसानं जायचं कुठे, म्हणून. रायपूर ते नागपूर कोरड्या घशानं जायची आणि वर म्हणायची, "तहानच नाही लागली मले." तुम्ही जन्मभर वर्कशॉपात बसच्या बॉड्या बांधल्यात, त्यांतून लोक कुठे कुठे गेले, आणि तुमची स्वतःची बायको आपल्या तात्यापारा मोहल्ल्यातून बाहेर पडायचं म्हटलं की धास्तावायची.

एकदा तुम्ही जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं एक गाडी काढली होती. आई पोळ्या लाटते आहे, तुम्ही तिच्यासमोर कागद धरून बसला आहात. "रिटायर झालो का हे बांधतो. पुरीले जाऊ, समुद्र पाहू. यात तुह्यासाठी सारं हाय, पाणी पी पोटभर." आई लाजली आणि म्हणाली, "पोळी थंडी होऊन राहिली, जेवा आधी." रिटायर व्हायच्या आतच तुम्ही गेलात. समुद्र राहिला तो राहिलाच.

मला गाड्यांमधलं काय कळतं, असं तुम्हाला वाटत असेल. तेही बरोबरच आहे. पहिल्या पगारावर मी जुनी लाल स्कूटर घेऊन थेट तुमच्या वर्कशॉपात आले होते, मिरवायला. तुम्ही हात पुसलेत, खिशातून लोहचुंबक काढलंत आणि स्कूटरच्या पोटाला लावलंत. ते खाली पडलं. दुसऱ्या जागी लावलंत, तिथूनही पडलं. आत पत्रा नव्हताच, नुसती पुट्टी भरून वर रंग फासलेला. "रंग पाहून भाळली पोट्टी! खाली काहून नाही वाकली? गाडी खालून म्हातारी होते." सगळे कारागीर हसले, मी रडले. संध्याकाळी ते चुंबक तुम्ही माझ्या हातावर ठेवलंत. आज ते माझ्या चौबे कॉलोनीतल्या घरी फ्रिजवर विजेचं बिल धरून असतं.

तर या वेळी मी बिल खाली ठेवलं, चुंबक पर्समध्ये टाकलं आणि मुलीला घेऊन गेले. विकणारा भला माणूस होता, पण मी गाडीखाली सतरंजी टाकून आडवी झाले तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. चाकांवरचा पत्रा, दाराची खालची कड, सगळीकडे चुंबक चिकटलं. मग मी दोन बादल्या पाणी मागवलं आणि टपावर ओतायला लावलं. "दीदी, गाडी लेनी है कि नहलानी है?" तो म्हणाला. मी आत बसून कोपऱ्याकोपऱ्यातलं प्लायवुड अंगठ्यानं दाबत होते. जिथे टप गळतो तिथे लाकूड आतून मऊ पडतं, हे तुम्हीच एका बसमध्ये माझा अंगठा धरून शिकवलं होतंत. पाण्याची टाकी काठोकाठ भरून गाडी चालवली, कारण रिकामी गाडी कोणतीही छान पळते. गळलेला गॅस निघून जायला सिलिंडरच्या कप्प्याला खाली जाळी आहे का, पंख्यादिव्यांना वेगळी बॅटरी आहे का, आरसीवर नोंद प्रवासी गाडीची आहे की मोटर कॅरव्हॅनची, सगळं पाहिलं. शेवटी ओट्यावर चहा केला आणि त्यालाही पाजला. तो म्हणाला, "दीदी, आप तो मिस्तरी निकलीं." बाबा, इतका आनंद मला प्रमोशनचाही झाला नव्हता.

गाडी आईच्या दारात आली. आई नवं लुगडं नेसून, हळदकुंकवाचं ताट घेऊन बाहेर आली. गाडीला कुंकू लावलं, दारापाशी गेली आणि थांबली. पायरी तिच्या गुडघ्याच्याही वर. मुलगी म्हणाली, "मम्मी, नानी चढ़ेगी कैसे?" तुमच्या साऱ्या सूचना गाडीसाठी होत्या हो, चढणाऱ्यासाठी एकही नव्हती! आणि मीही तुमचीच मुलगी, जिच्यासाठी गाडी घेतली तिचे गुडघे सोडून सगळं तपासून आले.

"उद्या पायरी वेल्डिंग करून घेऊ," मी म्हणाले. "उद्या काहून? आजच बसतो मी," आई म्हणाली आणि आत वळली. बाहेर आली ती तुमचा वीतभर उंच पाट घेऊन. बसच्या सीटच्या उरलेल्या सागवानी फळीचा, तुम्हीच केलेला. तुम्ही गेल्यापासून तो भिंतीला टेकवून उभा आहे, त्याला ती कुणाचा पाय लागू देत नाही. तिनं तो पायरीखाली ठेवला, मग घुटमळली. "यांच्या जेवाच्या पाटावर पाय ठेवू काय मी?" तिनं वाकून पाटाला हात लावला, तो कपाळाला लावला आणि म्हणाली, "तुम्हीच म्हणत होते नेतो म्हणून." आणि चढली! एका हाताला मी, दुसऱ्या हाताला नात.

नव्या रायपुरातल्या रुंद मोकळ्या रस्त्यावर मुलगी गाडी चालवत होती. आई खिडकीपाशी पलंगावर मांडी घालून बसली होती. अर्ध्या वाटेत ती म्हणाली, "पाणी दे वं." मी पेला भरून दिला. तिनं तो पूर्ण प्यायला आणि पुन्हा पुढे केला. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, दोन्ही एकदमच. पुढच्या आठवड्यात आम्ही पुरीला निघतोय. पाट सोबत आहे.

हे पत्र कुठे टाकणार? चुंबकाखाली, बिलाच्या मागे लावून ठेवते. एक मात्र सांगून टाकते, रागावू नका. गाडी लाल आहे. फाटकातून दिसली तेव्हाच मी ठरवलं होतं, हीच घ्यायची. खाली वाकले ते नंतर.