पाणआळीचा छापील इतिहास

खलिफा सिटी, अबुधाबी
नोव्हेंबरचा दुसरा रविवार

तीर्थस्वरूप सोफियामावशीस,

जेराल्डचा जय ख्रिस्त. आधी माझ्या डोक्यावर हात ठेव, मग चष्मा लाव आणि पुढे वाच. आम्ही तिघं इथे ठीक आहोत. मॉलीचा खांदा दुखतो. ती म्हणते तो एसीने दुखतो, पण एसी बंद केला की माझं डोकं दुखतं, म्हणून सध्या खांदाच दुखू द्यायचा असं ठरलं आहे. एलिशा सोळाची झाली. मी तिला मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते आणि मॉली आम्हा दोघांना हिंदीत गप्प करते. तुझा गुडघा कसा आहे? तू अजून पहाटेच्या मिस्साला चालत जातेस असं कळलं. जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही, कारण म्हटलं तर तू दोनदा जाशील. (फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तू कॅमेरा असा धरतेस की मला अर्धा तास छताचा पंखाच दिसतो. जे लिहायचं आहे ते मला पंख्याशी बोलता येणार नाही.)

तर झालं असं. आमच्या व्हिलाच्या पुढच्या भागात टिब्स नावाचे इंग्रज गृहस्थ राहत होते. वय बहात्तर, पाइपलाइनचे इंजिनिअर, बायको वारलेली, आणि टोमॅटोवर पोटच्या मुलासारखं प्रेम. (इथल्या वाळूत टोमॅटो आणणं म्हणजे बर्फात केळी लावणं. पण त्यांनी आणले. चारच आले, त्यातले दोन आम्हाला दिले.) ऑगस्टमध्ये त्यांनी आम्हाला चहाला बोलावलं आणि कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढलं. ते त्यांच्या गावाचा इतिहास होता, स्वतः लिहिलेला. गावाचं नाव लिटल हॅझलकोट. लोकवस्ती एकशे ऐंशी, पुस्तकाची पानं दोनशे चाळीस. म्हणजे माणशी सव्वा पानापेक्षा जास्त. त्यात एक अख्खं प्रकरण एका बाकड्यावर होतं. चर्चचं घड्याळ पाच मिनिटं पुढे ठेवावं की नाही यावर दोन घराण्यांनी एकतीस वर्षं एकमेकांशी बोलणं टाकलं होतं, त्याची हकिगत बावीस पानं. मला आधी हसू येत होतं. मॉलीने टेबलाखालून पाय दाबला म्हणून मी खोकल्याचं सोंग केलं. पण मग ते गावच्या तळ्यावर आले. तळ्यात कोण कोण मुलं पडली त्यांची तारीखवार यादी होती. कोणाला कोणी बाहेर काढलं, कोणाचा बूट आत राहिला, कोणाच्या आईने आधी मुलाला पुसलं आणि मग बडवलं. मावशी, ते वाचून दाखवत होते हॅझलकोटचं, आणि मला दिसत होतं आपलं बावखल. केळीच्या बुंध्यावर पालथी पडून पाय मारणारी आम्ही पोरं, काठावर तुझं धुणं, पाण्यावर वाकलेली ती चिंच, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी वाजंत्री घेऊन पाणी भरायला आलेल्या बायका. चहा गार झाला तरी मी कप धरूनच बसलो होतो.

टिब्स साहेबांनी पुस्तक मिटलं आणि विचारलं, तुमच्या गावाचा इतिहास कोणी लिहिला आहे?

आता खरं सांगायचं तर 'कोणी नाही' एवढंच म्हणायचं होतं. पण पाणआळीची लोकवस्ती हॅझलकोटच्या दहापट, आणि माझ्या समोर दोनशे चाळीस पानं. माझ्या तोंडून निघून गेलं, "छापायला गेला आहे." साहेब इतके खूश झाले की त्यांनी लगेच ठरवून टाकलं. ते ऑक्टोबरअखेर कायमचे परत जाणार होते, जाताना पाणआळीच्या इतिहासाची एक प्रत घेऊन जाणार आणि हॅझलकोटच्या ग्रामसभागृहातल्या कपाटात आपल्या पुस्तकाशेजारी ठेवणार. घरी आल्यावर मॉली एवढंच म्हणाली, "घ्या आता. यल्ला, लिहा."

हाताशी दहा आठवडे होते. मी पाणआळीच्या इथल्या माणसांना गोळा केलं. मुलंबाळं सोडून अकरा जण आलो. शारजाला रॉयस्टनच्या घरी जमलो, कारण हमरियाच्या कारखान्यात शिफ्ट असली की तो बाहेर पडत नाही. डेरिक देऱ्याहून मेट्रो आणि टॅक्सी करत आला. (तुझे दोघे भाचे सुखरूप आहेत. रॉयस्टनचं पोट सुटलं आहे, डेरिकचे केस.) मी वही उघडून पहिला प्रश्न केला, गाव कधी वसलं? डेरिक म्हणाला, पोर्तुगीजांच्या वेळी. रॉयस्टन म्हणाला, पोर्तुगीज आले तेव्हा आपण त्यांना रस्ता दाखवला. यावर पाऊण तास गेला. नाक्यावरचा क्रूस कोणाच्या आजोबांनी बांधला यावर तीन आजोबा पुढे आले. सुकेळी कोणाच्या घरची चांगली यावर मात्र वाद झाला नाही, तुझंच नाव निघालं. नंतर आम्ही जेवलो आणि जेवल्यावर इतिहास पूर्णच थांबला.

खरा घोटाळा बावखलाने केला. तू शाळेत शिकवायला जायच्या साडीनिशी उडी मारून बुडणाऱ्या मुलाला वर काढलंस, ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक. पण तो मुलगा आपणच असं पाच जण म्हणाले. रॉयस्टन शपथेवर सांगत होता की तू त्याला केसाला धरून काढलंस. डेरिक म्हणाला, मला कॉलरला धरून. एकाने तर दंडावरचा वण दाखवला. (तो मोटारसायकलचा आहे, मी तेव्हा मागे बसलो होतो.) मी निवाडा करणार तरी कसा? तसाच कच्चा मजकूर मी आमच्या कोपऱ्यावरच्या टायपिंग सेंटरवाल्या यूनुसभाईंकडे दिला. ते श्रीवर्धनकडचे, व्हिसाचे फॉर्म भरून भरून त्यांना सगळं फॉर्मसारखं सुटसुटीत लागतं. त्यांनी पाचही हकिगती एकत्र करून छापलं, 'श्रीमती सोफियाबाईंनी बावखलातून पाच मुलांचे प्राण वाचवले.' तेव्हा आता छापील पुराव्यानुसार तू पाच वाचवले आहेस. फेस्ताला फादरांनी शाल घातली तर नाही म्हणू नकोस.

एवढ्यावर थांबतील तर ते यूनुसभाई कसले? पुस्तक हातात आलं तर अठ्ठेचाळीस पानं. मी दिलेला मजकूर तर छत्तीस पानांचा होता. उघडून पाहतो तो शेवटी एक प्रकरण, 'आमच्या गावचा धक्का'. त्यात त्यांची आजी मरियमबी कंदील घेऊन धक्क्यावर उभी राहायची आणि गलबत दिसलं की आलेल्या माणसाचं नाव मोठ्याने पुकारायची, म्हणजे त्याच्या घरी चूल पेटावी. मी विचारलं, "यूनुसभाई, हे पाणआळीत कुठून आलं?" ते म्हणाले, "हबीबी, बारा पानं कोरी जात होती. आमच्या गावाचं पुस्तक कोण काढणार? तुमच्यात थोडी जागा द्या." दिली. मलाही ते प्रकरण आपल्या सगळ्या आजोबांपेक्षा जास्त आवडलं.

टिब्स साहेबांना मराठी येत नाही, म्हणून एलिशाने इंग्रजी करून दिलं. तीन आठवडे ती माझ्या शेजारी बसून एकेक शब्द विचारायची. रहाट म्हणजे काय, बावखल विहिरीपेक्षा वेगळं कसं, बैल गोल फिरताना त्याला चक्कर येत नाही का. बाप म्हणून इतके प्रश्न मला तिने जन्मात विचारले नव्हते. शेवटच्या पानावर तिने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "पापा, इज द पाँड स्टिल देअर?" मी म्हटलं, "आहे ना." ती म्हणाली, "गुड. आय वाँट टू सी इट." मी उठून पाणी प्यायला गेलो.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी प्रत दिली. साहेबांचं घर रिकामं झालं होतं, आम्ही खोक्यांवर बसलो. त्यांनी तिथेच सगळं वाचलं, मरियमबीपाशी दोनदा थांबले. मग मी सहज विचारलं, तुमच्या तळ्यात आता बदकं आहेत का? ते म्हणाले, तळं नाही. ते बुजवून तिथे गाड्या लावायची जागा केली, त्याला पन्नास वर्षं झाली. मी म्हटलं, कोणी बुजवलं? ते चष्मा पुसत म्हणाले, "आम्हीच. मी तेव्हा तरुण होतो, गावच्या समितीवर होतो. ठरावाला अनुमोदन माझंच होतं." त्यांनी चष्मा परत लावला. मग म्हणाले, पुस्तक त्यानंतर लिहायला घेतलं, पण जेराल्ड, दोनशे चाळीस पानांत एक बादली पाणी मावत नाही.

सोमवारी ते गेले. टोमॅटोच्या कुंड्या आमच्या दारात ठेवून गेले.

पत्र फार लांबलं. तुझ्यासाठी पुस्तकाच्या दोन प्रती पाठवतो आहे, एक वाचायला आणि एक ज्यांचे आजोबा सुटले त्यांना दाखवायला. तब्येतीला जप, गोळ्या वेळेवर घे.

तुझा,
जेराल्ड

ता. क. हे पत्र खरं तर दुसऱ्याच कामासाठी होतं. बावखल बुजवून तिथे बिल्डिंग उठवायची म्हणून सातबाऱ्यावरच्या सगळ्यांच्या संमतीचा कागद फिरतो आहे, तो तुझ्याकडे आला आहेच. सतरा नावांपैकी सोळा सह्या झाल्या, फक्त तुझी अडली आहे. महिनाभर रॉयस्टन आणि डेरिक माझ्या मागे लागले होते की मावशी तुझं ऐकते, तू गोड शब्दांत लिही आणि सही करून घे. गोड शब्द वर लिहिले आहेत. सही करू नकोस.

ता. क. दुसरा. त्या सोळांत एक सही माझी आहे. मार्चमध्ये डेरिकने कागद पाठवला, मी ऑफिसात प्रिंट काढली, न वाचता सही केली आणि स्कॅन करून करक चहा प्यायला गेलो. पाच मिनिटंही लागली नाहीत. रॉयस्टनला हे परवा सांगितलं, तो आधी चिडला, आणि मग म्हणाला की माझीही परत घेता येते का ते विचार. अठरा डिसेंबरला मी एलिशाला घेऊन येतो आहे. वकिलाकडे तू बरोबर चल, मला एकट्याला तिथे लाज वाटेल. तोवर कोणी कागद घेऊन आलं तर दार उघडू नकोस. आणि मी आलो की मलाही आधी खिडकीतून विचार, हातात काय आहे ते.