एकलास्काची वेल

ता. २ सप्टेंबर

सौ. वन्सं यांस,
स. न. वि. वि.

फार वर्षांपूर्वी हे इकडे यायला निघाले, त्या सकाळी मी दूध तापवलं, पाणी भरलं, ह्यांच्या दोन सदऱ्यांच्या कॉलरी घासल्या, आणि बॅगेत कपडे रचता रचता सहज म्हटलं, की यंदा मलाही न्या. ह्यांनी बुटाची नाडी बांधत सांगितलं, की तिथं बघण्यासारखं काही नाही, नुसती यंत्रं आणि चिखल. मी पुन्हा कधी विचारलं नाही. दर हंगामात हे द्राक्षांचा रस काढायची यंत्रं दुरुस्त करायला इथं येत राहिले आणि मी कॉलरी घासत राहिले.

ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हा म्हटलं, आपणच जाऊन बघावा तो चिखल. वन्सं, कसला चिखल आणि कसलं काय! खिडकीतून टेकडीभर द्राक्षांच्या रांगा दिसतात, भांग पाडल्यासारख्या सरळ. हे उतरायचे त्याच घरात मी खोली घेतली आहे. सकाळचा नाश्ता खोलीच्या भाड्यातच. आयता पाव, आयती अंडी, आयता चहा. मला तर बसून खायची लाज वाटते. उशाशी दिवा आहे, बरोबर आणलेलं पुस्तक त्याच्या उजेडात वाचते.

मी ओळख दिलेली नाही, माहेरचं आडनाव सांगितलं. मालकीणबाई आणि मी अर्धीमुर्धी येणारी तिसरीच भाषा बोलतो, पण गप्पा होतात. पूर्वी एक मिस्त्री यायचा म्हणे, फार गुणी, खाऊन झालं की आपली बशी आपण विसळायचा. बशी! आपल्या घरी ह्यांनी कधी पेलासुद्धा इकडचा तिकडे केला नाही. मला मेलीला त्या बशीचा हेवा वाटला. इथून घरी फोन करायचे तोही कसा, ऐकलंस का, मागचं दार लावलंस का, बरं, ठेवतो. मी म्हणायचे, यंत्रांशी तरी ह्याहून जास्त बोलत असतील.

भावजींना नमस्कार. लोभ आहेच, तो उन्हापावसात टिकावा.

तुमची,
वहिनी

ता. ८ सप्टेंबर

ती. वहिनीस,
सा. न.

तुझं पत्र वाचून माझा नुसता जळफळाट झाला. तू आयता चहा पितेस आणि मी इथं गुडघ्यांना तेल चोळत सूनबाईच्या बाळाची दुपटी वाळत घालते. आमच्या ह्यांनी काळजीनं विचारलं, की वहिनी एकट्या कशा गेल्या. मी सांगितलं, की तिकीट काढून.

वाइन चाखलीस का, ते मात्र लपवू नकोस. आणि दादा बशी विसळायचा हे ऐकायला आमची आई हवी होती. तिनं त्या बाईला साडीचोळी केली असती. जिना जपून उतर, रात्री दाराला कडी लाव.

माया कमी करू नकोस.

तुझी,
नणंद

ता. १३ सप्टेंबर

सौ. वन्सं यांस,
स. न. वि. वि.

वाइन चाखली, आंबट लागली. पण आज लिहायचं आहे ते वेगळंच.

स्वयंपाकघराच्या दारापाशी एक वेल आहे. ती ह्यांनी लावली. तिला पत्र्याची पट्टी बांधली आहे आणि तिच्यावर मालकीणबाईंच्या अक्षरात नाव आहे, एकलास्का. मी विचारलं, की ही कोण. तर म्हणाल्या, की मिस्त्रीची कुणीतरी. रोज संध्याकाळी तो बोळातल्या फोनपाशी भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा आणि त्याचा पहिला शब्द असायचा, एकलास्का. पुढचं मालकीणबाईंना काही कळत नसे. पण आवाज इतका मऊ, की त्या भांडी घासताना नळ बंद करायच्या, उगीच खळखळ नको म्हणून. वेलीला तेच नाव दिल्याचं सांगितलं, तेव्हा मिस्त्री डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला म्हणे.

वन्सं, मला ह्यांनी जन्मात कधी नावानं हाक मारली नाही. आणि ह्या बयेचं नाव रोज तोंडात! यंत्रं आणि चिखल म्हणायचे ते ह्याचसाठी. आज मालकीणबाई त्या वेलीची द्राक्षं देत होत्या, मी हात लावला नाही. त्या वेलीशेजारून जाताना पाय जड होतात, आणि दिवसातून चारदा तिकडूनच जाते.

तुम्हाला हे ठाऊक होतं का? बहीण आहात, भावाला पाठीशी घालाल, तरी खरं सांगा. तुमच्या उत्तरासाठी थांबले आहे. घरी भिंतीवर ह्यांचा फोटो आहे. तो राहू द्यायचा की उतरवायचा, हे ठरल्याशिवाय मला निघवत नाही.

लोभ ठेवायचा की नाही, ते उत्तर लिहिताना ठरवा.

वहिनी

ता. १८ सप्टेंबर

ती. वहिनीस,
सा. न.

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले, की आमचे हे पाणी घेऊन धावत आले.

आता सांगते तेवढं कर. खोलीचं दार लाव आणि त्या बयेचं नाव मोठ्यानं म्हण. दादासारखं म्हण, घाईघाईत, निम्मं गिळून. एवढ्यानं नाही कळलं, तर तुझं पहिलं पत्र माझ्यापुढे उघडं आहे. फोन आला की तो आधी काय म्हणायचा, ते तूच त्यात लिहिलं आहेस.

ऐकलंस का!

अगं वेडाबाई, ती बया तूच. दादानं तुला ह्याखेरीज दुसरी हाक मारलेली मी तरी कधी ऐकली नाही. बिचाऱ्या मालकीणबाईंना ते नाव वाटलं, ह्यात त्यांची काय चूक? आणि तूही रागाच्या भरात स्वतःवरच जळत बसलीस. हसू आवर आणि फोटो आहे तिथं राहू दे.

आता माझं ऐक. माझ्या नावानं कुणी कधी साधी कुंडीसुद्धा लावली नाही. आमच्या ह्यांना वाचून दाखवलं, तर म्हणतात, उद्या लावतो. उद्या म्हणजे कधी, ते तुला माहीतच आहे.

अशीच भांडत राहा, पण आमच्यावर माया कर.

तुझी,
नणंद

ता. २४ सप्टेंबर

सौ. वन्सं यांस,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र परवा संध्याकाळी आलं. दार लावलं आणि म्हटलं. मग पुन्हा म्हटलं, ह्यांच्यासारखं. आधी हसू आलं. नंतर जे आलं ते लिहीत नाही.

पण तुम्हाला वाटेल माझा हेवा निवला, तर तसं नाही. मला ह्यांचे शब्द कळायचे, म्हणून मी फक्त मागचं दार ऐकलं. मालकीणबाईंना शब्द कळत नव्हते, म्हणून त्यांना आवाज ऐकू आला. तो आवाज माझ्यासाठी होता आणि राहिला त्यांच्या बोळात. शिवाय एवढी हसण्यासारखी गोष्ट घरी येऊन मला सांगितली नाही, ह्याबद्दल फोटोशी भांडायचं आहेच. त्यासाठी तो भिंतीवर हवा.

रविवारी निघते. भावजींना कुंडीची आठवण करा. लोभ आहे त्याला पाणी घालत राहा.

तुमची,
वहिनी

ता. क. सांगायचं राहिलं. तुमचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मालकीणबाई भांडी घासत होत्या, तेव्हा मी त्यांना माझं नाव सांगितलं. त्यांनी नळ बंद केला. मी माझी बशी विसळली, कात्री मागून घेतली आणि त्या वेलीचा एक घड उतरवला.