विनायकरावांच्या कॅप्सूल आणि माझं लिव्हर

मी, इंद्रजीत बळीराम घरत, वय २३, बी.फार्म. अर्धवट, राहणार पनवेल, कोणाच्याही दबावाखाली न येता, पूर्ण शुद्धीत पण भयंकर रागात हे मृत्युपत्र लिहितो. परवा माझ्या लिव्हरचा तुकडा काढून माझ्या वडिलांना बसवणार आहेत. मी टेबलावरून उठलो नाही, तर पुढीलप्रमाणे व्हावे.

१. बुलेट चुलतभाऊ धर्मराजला. सायलेन्सरला हात लावू नये.

२. द्रोणागिरीच्या प्लॉटमधला माझा हिस्सा आई वेणू हिला. भाऊबंद गोड बोलत सही मागायला आले, तर तिने दार उघडू नये.

३. ग्रीन टी अर्काच्या कॅप्सूलचे उरलेले डबे श्री. विनायक म्हात्रे यांना परत. हे रुचिराचे वडील. कळंबोलीत सळया विकतात, जोडीला तारुण्य. आमची सोयरीक ठरत होती तेव्हा बैठकीत म्हणाले, "बळीरामशेठ, शरीर म्हणजे लोखंडच, गंज चढतो. हे अँटिऑक्सिडंट घ्या, म्हातारपण थांबेल." घरी मी डबा फेकायला निघालो तर बाबा म्हणाले, "व्याही देतान नि आमी नाय बोलाचं? तुजी सोयरीक मोडल." डोळे पिवळे होईपर्यंत गिळत राहिले. माझ्यासाठी.

४. विनायकराव, माणूस म्हणजे सळई नव्हे. प्रयोगशाळेच्या बशीतल्या पेशी, किडे आणि उंदीर यांच्यावरचे निकाल दाखवून तुम्ही माणसांना माल खपवता. अशा गोळ्यांनी माणसाचं म्हातारपण लांबतं, याचा भक्कम पुरावा अजून कोणाकडे नाही. उलट याच अर्काच्या मोठ्या डोसाने लिव्हर बिघडल्याच्या नोंदी आहेत. बाकी सगळी कारणं तपासून डॉक्टरांनीही त्याकडेच बोट दाखवलं. "झाडपाल्यानं काय होतंय?" म्हणे! धोत्राही झाडच असतं. माझ्या मयताला येऊ नका.

५. रुचिराला काहीही नाही. अंगठीसुद्धा नाही. वकील म्हणाले, ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार करू नका, आणि मला साक्षीला तीच हवी. "माझ्या बाबांना खुनी म्हणालास. आधी सॉरी म्हण," असं बोलून तिने फोन ठेवलाय. रुचू, तुझ्यावाचून जीव जातोय, तरी सॉरी म्हणणार नाही. केतन हा कागद घेऊन येईल. वरचं सगळं वाच. खरं वाटलं तर सही कर, नाहीतर जागा कोरी ठेव. मी समजून जाईन.

ठिकाण : पनवेल
दिनांक : १२ जानेवारी २०२६
(सही) इंद्रजीत बळीराम घरत

साक्षीदार :
१. (सही) केतन तुळशीराम भोईर, मित्र
२. (सही) रुचिरा विनायक म्हात्रे. कलम ४ दोनदा वाचलं, बाबांनाही वाचून दाखवलं. मयताचं पुन्हा लिहिलंस तर बघ, इंद्या.