गिअरबॉक्स मीच उतरवणार

१ फेब्रुवारी, रविवार
बाबांच्या फियाटचा क्लच गेला. भायखळ्याचा शिवा मेकॅनिक बघून म्हणाला, गिअरबॉक्स इंजिनापासून सोडवून खाली घ्यावा लागेल. दोन माणसं, एक दिवस. हसू आलं. साध्या कामाचा बाऊ करूनच यांची पोटं भरतात. विमा कंपनीत सत्तावीस वर्षं मोटारींचे क्लेम तपासलेत मी. मीच उतरवणार.
पंधराला कांताआत्या ऐंशीची होते. बाबांना तिला गिरगावातून स्वतःच्या गाडीने आणायचंय. चालवणार मी, ते शेजारी बसणार. चौऱ्याऐंशीचे झालेत, असले हट्ट अजून किती करणार?

४ फेब्रुवारी, संध्या. ६
व्हिडिओ पाहिले. सगळे मूर्ख. एकाने तर गिअरबॉक्सखाली जॅक लावला होता. भित्रा.

७ फेब्रुवारी, शनिवार
मागचा शाफ्ट सुटला. म्हणजे निम्मं काम झालं. आधी ऑइल काढून घ्यायचं असतं, हे कुणी नीट सांगत नाही. (व्हिडिओत असेल. ती मिनिटं मी पळवली होती.) चाळीच्या अंगणात थारोळं. तळमजल्यावरच्या जाईबाई काय बोलल्या ते लिहिण्याजोगं नाही. वैशालीने भुसा टाकला, मला न विचारता. बायकोला धीर म्हणून नाही.

८ फेब्रुवारी
सगळे बोल्ट काढले. गिअरबॉक्स ढिम्म. बाबा खुर्चीतून म्हणाले, "वरचो एक बोल्ट रवलो आसतलो, बघ." यांना चष्म्याशिवाय समोरचा माणूस दिसत नाही, बोल्ट बरा दिसतो!
पहार घातली. केसिंगचा, बोल्ट बसतो तो, एक कान तुटला. कास्टिंगच कच्चं.
वरचा बोल्ट होता.

९ फेब्रुवारी
तो काढला. गिअरबॉक्स लगेच सुटला. जरा जास्तच लगेच, थेट लादीवर. पाय वाचला. तरी काम तांत्रिकदृष्ट्या यशस्वी: इंजिन वेगळं, गिअरबॉक्स वेगळा. वैशालीला तसं सांगितलं. ती म्हणाली, आता जोडून दाखवा.

१३ फेब्रुवारी
जोडला जात नाही. चार दिवस. बाबा काही विचारत नाहीत. वय झालं की माणसाचा कशातच रस उरत नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार
आत्या टॅक्सीने आली. केक झाल्यावर भाऊबहीण खाली जाऊन बंद गाडीत बसली. बाबा स्टिअरिंग फिरवत होते, हॉर्न वाजवत होते. आत्या विचारत होती, चौपाटी आली का रे? मी गॅलरीतून पाहिलं. मला कुणी बोलावलं नाही. बरंच झालं, कंबर धरली होती.

१७ फेब्रुवारी
बाबांनी परस्पर शिवाला बोलावलं. तो गाडीखाली शिरला, तुटका कान पाहिला आणि तिथूनच बाबांना ओरडून म्हणाला, "शामराव, हे कुणी केलं?"
मी शेजारीच उभा. हातात पान्हा.
बाबा म्हणाले, "कोणाक ठावक. भायरचो कोणीतरी होतो."
शिवाने गाडीखालून डोकं काढून माझ्याकडे पाहिलं. बाबांनी नाही.